चाकोरीबाहेरची चाके



कविता लिहिणाऱ्या माणसाने, त्यातून कला शाखेच्या पदवीधराने, मंगळावरच्या गाड्यांविषयी बोलावे याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. पण या विषयाकडे मला एका शब्दाने ओढून नेले. तो शब्द म्हणजे 'चाकोरी'. बैलगाडीची चाके एकाच वाटेने वर्षानुवर्षे गेली की मातीत दोन खोल खाचा पडतात. त्या खाचा म्हणजे चाकोरी. एकदा चाक चाकोरीत पडले की गाडीवाना‍ला डुलकी लागली तरी गाडी घरी पोहोचते. मग माझ्या मनात आले, जिथे आजवर एकही गाडी गेली नाही, जिथे चाकोरीच नाही, तिथे गाडी पाठवायची तर तिला काय लावायचे? चाके लावायची, की रणगाड्याला असतात तसे लोखंडी पट्टे?

प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. आपल्या अंगणातलेच उदाहरण घ्या. रस्त्याच्या किंवा विहिरीच्या कामावर दोन प्रकारची यंत्रे आपण पाहतो. एक चाकांवर पळणारा पिवळा जेसीबी आणि दुसरी पट्ट्यांवर सरकणारी पोकलेन. पोकलेन हे मूळचे एका फ्रेंच कंपनीचे नाव, पण आपल्याकडे ते त्या यंत्राचेच नाव होऊन बसले. साइटवरची माणसे तिच्या पट्ट्याला 'चेन' म्हणतात. पावसाळ्यात काळ्या मातीत जेसीबी रुतला तर त्याला बाहेर काढायला बऱ्याचदा पोकलेनच येते. वजन भरपूर असूनही ती स्वतः सहसा रुतत नाही, कारण तिचे वजन लांबरुंद पट्ट्यावर पसरलेले असते. चिखलात फळी टाकून तिच्यावरून चालावे तसे. पोकलेनची फळी मात्र तिच्याबरोबरच फिरत असते, एवढाच फरक.

पट्ट्याचा जन्मच मुळी अशा मातीत झाला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात स्टॉक्टनच्या परिसरातली जमीन इतकी भुसभुशीत होती, की वाफेवर चालणारे अवजड ट्रॅक्टर तिच्यात खचत. चाके रुंद करून पाहिली, तरी भागेना. तेव्हा बेंजामिन होल्ट यांनी १९०४ साली चाके काढून त्या जागी पट्टे बसवून पाहिले आणि ट्रॅक्टर चालू लागला. पुढे १९१६ च्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या सोमच्या रणभूमीवर पहिले रणगाडे उतरले ते पट्ट्यांवरच. शेतातला चिखल आणि युद्धातला चिखल या दोन्हींवर माणसाने शोधलेले उत्तर एकच होते.

मग चंद्रावर आणि मंगळावर, जिथे सगळी धूळ, वाळू, दगड आणि खड्डे, तिथे पट्टेच जायला हवे होते, नाही का? पण आजवर रशिया, अमेरिका, चीन आणि भारत या देशांनी तिथे ज्या गाड्या चालवल्या, त्या सगळ्या चाकांच्या. पट्ट्याची एकही नाही. हे असे का झाले, याची गोष्ट आज सांगायची आहे.

गोष्ट सुरू होते लेनिनग्राड शहरात, आणि गंमत म्हणजे रणगाड्यांच्याच घरात. १९६० च्या दशकात सोव्हिएत संघाला चंद्रावर गाडी पाठवायची होती. अवकाश कार्यक्रमाचे प्रमुख सर्गेई कोरोल्योव यांनी गाडीच्या चालत्या भागासाठी जी संस्था निवडली, ती रणगाड्यांवर संशोधन करणारी. तिथे अलेक्झांडर केमुर्जियान नावाचे अभियंता होते. जन्म १९२१ चा, वंशाने आर्मेनियन. दुसऱ्या महायुद्धात ते आघाडीवर लढून आलेले होते. पट्टा म्हणजे काय, तो कुठे तारतो आणि कुठे दगा देतो, हे या मंडळींइतके जगात फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांच्यासमोर पट्टे, चाके, इतकेच काय, पायांवर चालणारे यंत्र असे सगळे पर्याय होते. आणि रणगाड्यांच्या या जाणकारांनी निवड केली ती चाकांची.

१७ नोव्हेंबर १९७० रोजी 'लुना १७' यान चंद्रावर उतरले आणि त्यातून 'लुनोखोद १' ही गाडी खाली आली. लुनोखोद म्हणजे चंद्रावर चालणारा. पृथ्वीवर तिचे वजन ७५६ किलो होते. तिला आठ चाके होती आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर. चाके तारेच्या जाळीची, वर आडव्या धातूच्या पट्ट्या. कोकणात भातखाचरांत चिखलणी करताना ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्यासारखी चाके लावतात, ती ज्यांनी पाहिली असतील त्यांना या चाकाची कल्पना लगेच येईल. मागे आणखी एक छोटे नववे चाक होते. ते गाडी ओढत नसे, फक्त अंतर मोजत असे. गाडीचे चालक बसलेले होते क्राइमियात, पृथ्वीवर. एक गोष्ट मात्र या अभियंत्यांनी रणगाड्याकडून घेतलीच. लुनोखोदची चाके मोटारीच्या चाकांसारखी वळत नसत. एका बाजूची चाके जोरात आणि दुसऱ्या बाजूची हळू फिरवून गाडी वळवली जाई, अगदी रणगाड्यासारखी.

आमच्या घरी चंद्र वर्षातून दोनदा तरी अगदी डोळे ताणून पाहिला जातो. एकदा रमजान लागताना आणि एकदा ईदच्या आदल्या संध्याकाळी. लुनोखोदविषयी वाचताना कळले, की आपल्याला ईदची कोर दिसते तेव्हा ही गाडी जिथे होती तिथे रात्र असते. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची. तेवढे दिवस गाडी आपले झाकण मिटून, पोटातल्या किरणोत्सारी पदार्थाच्या उबेवर निजून राही. सूर्य वर आला की झाकण उघडायचे, त्याच्या आतल्या बाजूच्या सौरपट्ट्यांवर ऊन घ्यायचे आणि पुन्हा चालू लागायचे. असे करत ती सुमारे दहा महिने राबली आणि साडेदहा किलोमीटर चालली. १९७३ साली गेलेली 'लुनोखोद २' तर सुमारे ३९ किलोमीटर चालली.

आता पट्टे का नाकारले याकडे येऊ. पहिले कारण म्हणजे वजन. यानातून नेलेल्या प्रत्येक किलोची किंमत जबर असते आणि पट्टा चाकापेक्षा जड. त्यात चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश आणि मंगळावर तीन अष्टमांशाच्या आसपास. गाडीच तिथे हलकी होते, म्हणजे ज्या रुतण्यावर पट्टा हा इलाज, ते रुतणेही कमी होते. अर्थात वजन कमी झाले की जमिनीवरची पकडही कमी होते, त्यामुळे हा फायदा निर्भेळ नाही.

दुसरे कारण म्हणजे शक्ती. पट्ट्याच्या कड्या, खिळा आणि आतली चाके एकमेकांवर घासत राहतात. वळताना सगळा पट्टा जमिनीवर खरवडत फिरतो. पोकलेन वळल्यावर रस्त्याची काय दशा होते ते आपण पाहतोच, म्हणून तर तिला एका गावाहून दुसऱ्या गावी ट्रेलरवर घालून नेतात. या घर्षणाला डिझेल पुरेसे असले की चालते, पण मंगळावर डिझेल कुठले? १९९७ साली मंगळावर फिरलेल्या 'सोजर्नर' या चिमुकल्या गाडीच्या सौरपट्टीची ताकद होती १६ वॅट. २०१२ साली उतरलेली 'क्युरिऑसिटी' ८९९ किलोची, जवळपास एका लहान मोटारीएवढी. तिच्या अणुबॅटरीतून सुरुवातीला मिळत असे सुमारे ११० वॅट वीज. आपल्याकडे पूर्वी घराघरांत शंभर वॅटचा पिवळा दिवा असे, जवळपास तेवढीच. एवढ्यात चालायचे, फोटो काढायचे, दगडाला भोके पाडायची आणि पृथ्वीशी बोलायचे. ती वीज कड्या घासण्यात घालवणे कोणाला परवडेल?

तिसरे कारण धूळ. चंद्रावर वारा नाही, पाणी नाही. आपल्या नदीतल्या वाळूचे कण वाहून वाहून गोल होतात. चंद्रावरच्या कणांना घासणारे कोणी नाही, म्हणून ते काचेच्या चुऱ्यासारखे धारदार राहतात आणि लागतील तिथे चिकटून बसतात. १९७२ च्या डिसेंबरात 'अपोलो १७'च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जी मोटार चालवली, तिचीही चाके तारेच्या जाळीचीच होती. युजीन सर्नन यांच्या हातोडीचा धक्का लागून मागच्या एका चाकावरचा मडगार्ड तुटला. एवढीशी गोष्ट, पण चाकाने उडवलेली धूळ माणसांवर आणि यंत्रांवर पावसासारखी पडू लागली. शेवटी त्यांनी चार नकाशे चिकटपट्टीने एकमेकांना जोडले, चिमट्यांनी गाडीला अडकवले आणि त्या कागदी मडगार्डवर पुढचा प्रवास केला. ही धूळ पट्ट्याच्या डझनावारी सांध्यांत शिरली तर काय होईल? पृथ्वीवर सांध्यात वंगण घालता येते. तिथे हवेचा दाब नाही आणि उन्हातली सव्वाशे अंशांची उष्णता व रात्रीची शून्याखाली दीडशेहून अधिक अंशांची थंडी, यात साधे वंगण टिकत नाही. चाकाची मोटर आणि दाते मात्र तुंब्याच्या आत बंद डब्यात ठेवता येतात, धूळ शिरू न देता.

पण मंडळी, वजन, वीज आणि धूळ ही कारणे मला पुरेशी वाटत नाहीत. अभियंते हुशार असतात, त्यांनी यांवर तोडगे काढलेही असते. खरे कारण चौथे आहे, आणि माझ्या मते तेच या गोष्टीचा गाभा आहे. ते म्हणजे मोडणे.

रणगाड्याचा पट्टा तुटला की रणगाडा जागच्या जागी थांबतो. सैनिक उतरतात, घणाने खिळा ठोकतात, पट्टा जोडतात आणि पुढे जातात. पट्ट्याच्या प्रत्येक कडीमागे हा दुरुस्ती करणारा माणूस गृहीत धरलेला असतो. चंद्रावर तो माणूस नाही. तिथे एक कडी तुटली की एक अख्खी बाजू गेली, आणि एक बाजू गेली की गाडी गेली. चाकांचे तसे नसते. आठांतले एक गेले तर सात उरतात. लुनोखोदच्या निर्मात्यांनी तर यापुढचा विचार केला. एखाद्या चाकाची मोटर अडकून बसली तर छोटासा स्फोट घडवून तिचा दांडा तोडायचा, म्हणजे ते चाक मोकळे फिरत राहील आणि निदान बाकीच्यांच्या पायात येणार नाही, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. घरातला कर्ता माणूस आजारी पडला तर घर कसे चालेल, याची तजवीज आधीच करून ठेवावी तसे हे आहे.

या विचाराची परीक्षा झाली मंगळावर. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेच्या 'स्पिरिट' आणि 'ऑपॉर्च्युनिटी' या जुळ्या गाड्या तिथे उतरल्या. प्रत्येकी सहा चाके, नव्वद दिवस चालल्या तरी पुरे अशी अपेक्षा. मार्च २००६ मध्ये स्पिरिटचे पुढचे उजवे चाक कायमचे बंद पडले. कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या गाडीला कोण हात लावणार? चालकांनी गाडी उलट्या तोंडाने चालवायला सुरुवात केली. पाच चाके ओढत होती आणि मेलेले सहावे मागून फरफटत येत होते. लंगडत लंगडत ती वर्षभर चालली. २००७ साली त्या फरफटणाऱ्या चाकाने लाल मातीत जो चर पाडला, त्याच्या तळाशी पांढरीशुभ्र माती दिसली. तपासली तेव्हा ती सुमारे नव्वद टक्के सिलिका निघाली. इतकी शुद्ध सिलिका साचायला गरम पाणी किंवा वाफ लागते. म्हणजे कधीकाळी मंगळावर त्या जागी उन्हाळ्यासारखी, सूक्ष्म जीवांना मानवेल अशी परिस्थिती असावी, याचा तो ठोस पुरावा ठरला. स्पिरिटच्या सगळ्या कामगिरीतला हा एक मोठा शोध, आणि तो लागला मोडक्या चाकाने.

आता दुसरी बाजूही ऐकायला हवी. पट्ट्याचे समर्थक म्हणतील, याच स्पिरिटचा शेवट कसा झाला ते सांगा. त्यांचे बरोबर आहे. २००९ साली वरून कडक दिसणाऱ्या पापुद्र्याखालच्या मऊ वाळूत तिची चाके खचली. अनेक महिने प्रयत्न करूनही ती निघाली नाही आणि मार्च २०१० नंतर तिचा आवाज पुन्हा आला नाही. ऑपॉर्च्युनिटीसुद्धा २००५ साली एका वाळूच्या लाटेत पाच आठवड्यांहून अधिक काळ अडकली होती. सुदैवाने ती निघाली आणि पुढे २०१८ पर्यंत ४५ किलोमीटरांहून जास्त चालली. क्युरिऑसिटीच्या ॲल्युमिनियमच्या चाकांचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा. टोकदार दगडांनी त्याला भोके पडलेली २०१३ मध्येच दिसू लागली. पट्टे असते तर यातले काही टळले असते, असे म्हणता येईल. पट्ट्याची कल्पना कोणी टाकूनही दिलेली नाही. युरोपात 'नॅनोखोद' नावाची पट्ट्यांची एक छोटी गाडी तयार करण्यात आली होती. बुध ग्रहावर उतरणाऱ्या यानातून तिला पाठवण्याचा विचार होता, पण यानाचा तो उतरणारा भागच २००३ मध्ये रद्द झाला आणि पट्ट्याची संधी हुकली.

परंतु पट्टे असते तर २००९ ची वाळू कदाचित पार झाली असती, या म्हणण्याला माझे एक साधे उत्तर आहे. पट्टे असते आणि २००६ सालीच एका बाजूची मोटर बंद पडली असती, तर गाडी त्या वाळूपर्यंत पोहोचलीच नसती. पांढरी मातीही दिसली नसती.

आणि चाकानेही आपला हेका धरून ठेवला नाही. पट्ट्याकडून घेण्यासारखे होते ते त्याने घेतले. पोलंडमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले मिएचिस्लाव बेकर यांनी जमीन आणि वाहन यांच्या नात्याचे शास्त्र उभे केले. त्यांचा मोठा भर होता तो जमिनीला टेकणारा भाग कसा वाढवायचा यावर. अपोलोच्या मोटारीचे जाळीचे चाक वजनाखाली किंचित चपटे होई, म्हणजे प्रत्येक चाकाखाली जणू एक आखूड पट्टाच तयार होई. एकामागे एक चाके लावली की त्यांचे मिळून पट्ट्यासारखे काम होते, पण प्रत्येकाचे जगणे-मरणे स्वतंत्र राहते. सोजर्नरपासून पुढच्या अमेरिकन गाड्यांमध्ये तर सहा चाके सांध्यांच्या अशा दांड्यांवर बसवली, की एक चाक दगडावर चढले तरी बाकीची पाच जमीन सोडत नाहीत. त्यात स्प्रिंगसुद्धा नसते. २०२१ साली उतरलेल्या 'पर्सिव्हरन्स'च्या चाकांना क्युरिऑसिटीच्या अनुभवावरून जाड पत्रा आणि दुप्पट कंगोरे दिले गेले.

या चाकांची एक आठवण पृथ्वीवरची आहे, ती सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. शेजारच्या छपरावर किरणोत्सारी ग्रॅफाइटचे तुकडे पडले होते. बाहेरून आणलेली यंत्रे त्या किरणोत्सारात बंद पडली. तेव्हा लुनोखोद घडवणाऱ्या त्याच संस्थेला बोलावणे गेले. केमुर्जियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांद्रगाडीच्या अनुभवातून थोड्याच काळात चाकांची यंत्रे बनवली आणि ती त्या छपरावर जाऊन तुकडे लोटू लागली. सगळे काम त्यांना जमले नाही. उरलेले हजारो माणसांना, हातात फावडी घेऊन, काही क्षणांच्या पाळ्यांनी करावे लागले. तरी त्या यंत्रांनी जेवढे लोटले, तेवढे माणसांच्या वाट्याचे कमी झाले. स्वतः केमुर्जियान यांनाही तिथे किरणोत्साराची मात्रा सोसावी लागली. २००३ साली त्यांचे निधन झाले. एका लघुग्रहाला त्यांचे नाव आहे. चंद्रासाठी केलेला विचार असा आपल्याच जमिनीवर, माणसाने पाय ठेवू नये अशा जागी कामाला आला.

आणि आता आपल्या 'प्रज्ञान'विषयी. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरले, तो क्षण आपण सर्वांनी टीव्हीसमोर श्वास रोखून पाहिला. त्यातून बाहेर आलेली प्रज्ञान ही गाडी अवघी २६ किलोची, सहा चाकांची, सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर चालणारी. चार दिवसांनी तिला समोर चार मीटर रुंदीचा खड्डा दिसला. तिला मागे फिरायला सांगण्यात आले आणि ती मुकाट्याने आपल्याच चाकांच्या खुणांवरून परतली व नव्या वाटेला लागली. एका चांद्रदिवसात ती सुमारे शंभर मीटर चालली आणि मग रात्र झाली.

शंभर मीटर म्हणजे आपल्याकडे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण तिथे वारा नाही, पाऊस नाही, मागून येणारी दुसरी गाडी नाही. लुनोखोदच्या चाकांच्या खुणा चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकन यानाने चाळीस वर्षांनंतर टिपल्या, तेव्हाही त्या जशाच्या तशा होत्या. प्रज्ञानच्याही राहतील. आपल्याकडची चाकोरी अनेक गाड्यांच्या जाण्यायेण्याने पडते आणि एका पावसाळ्यात बुजते. तिथली चाकोरी एकाच गाडीच्या एकाच फेरीने पडते आणि लाखो वर्षे पुसली जात नाही. तिथे गाडी पाठवणाऱ्यांनी तिचे एखादे चाक मोडणार हे आधीच धरून चालावे आणि उरलेल्या चाकांवर ती पुढे कशी जाईल याची व्यवस्था करून ठेवावी, यात मला मोठे शहाणपण दिसते.